कोर्टाचे जुने सिनेमे अजून का धरून ठेवतात?

ओंकार_चिंचवड

आमच्या सोसायटीत महिन्यातून एकदा क्लबहाऊसच्या भिंतीवर प्रोजेक्टरने सिनेमा दाखवतो. या वेळी '१२ अँग्री मेन' लावला. बापाच्या खुनाचा आरोप असलेल्या पोराबद्दल बारा ज्यूरर, म्हणजे निकाल द्यायला बसवलेले साधे नागरिक, एकमत करायला बसतात ती गोष्ट. १९५७ चा, कृष्णधवल, ९६ मिनिटं, आणि सुरुवातीची-शेवटची काही मिनिटं सोडली तर सगळा एका खोलीत. गाणं नाही, फ्लॅशबॅक नाही, खून होताना दिसत नाही. सबटायटल्सही इंग्रजीतच. मला वाटलं होतं, अर्ध्या तासात निम्म्या खुर्च्या रिकाम्या होतील. कोणी हललं नाही. वॉचमन दारात उभा राहून बघत होता. त्याला इंग्रजी येत नाही, तरी हेन्री फोंडा (एकटाच शंका घेणारा ज्यूरर) खिशातून खुनातल्या चाकूसारखाच दुसरा चाकू काढून टेबलात रोवतो तेव्हा तो "आयला!" म्हणाला.

त्याच्या आधी एक अलीकडचा कोर्टपट लावला होता (नाव घेत नाही, उगाच वाद). त्यात पाऊस, पाठलाग, ड्रोनने घेतलेली शहराची दृश्यं आणि शेवटी नायकाचं लांबलचक भाषण. भाषण सुरू झालं तशी मंडळी चपला शोधायला लागली.

तर प्रश्न असा की हे जुने कोर्टपट टिकतात कशाच्या जोरावर? "अभिनय" आणि "संवाद" ही उत्तरं नकोत, ती कुठल्याही चांगल्या सिनेमाला चालतात. आणि पुढच्या तीन महिन्यांसाठी नावं सुचवलीत तर उपकार होतील.

भटकी_मांजर

संवाद सोडून कसं सांगणार? 'दामिनी'तलं "तारीख पे तारीख" १९९३ पासून लोक गॅस सिलिंडरची वाट बघतानासुद्धा म्हणतात. बाकी मला हे सिनेमे आवडतात कारण त्यात एक माणूस बोलत असताना बाकीचे गप्प बसतात. आमच्या घरी हे सुख नाही.

लघुलेखक_अप्पा

ओंकारराव, मी जिल्हा न्यायालयात लघुलेखक होतो, तिथूनच निवृत्त झालो. न्यायाधीशांच्या डायसखाली जी खुर्ची असते ती माझी. साक्षीदाराचा पिंजरा तिथून हातभर अंतरावर. त्या खुर्चीवरून जे दिसलं त्याच्या जोरावर सांगतो, कायदा मला वकिलांइतका कळत नाही.

आधी सिनेमातलं खोटं बाजूला काढू. आपल्याकडे न्यायाधीश हातोडा आपटत नाहीत. इंग्लंडातही नाही. गीतेवर हात ठेवायला कोणी सांगत नाही. १९६९ च्या शपथ कायद्याच्या नमुन्यात ग्रंथच नाही, ईश्वराची शपथ घ्या नाहीतर प्रतिज्ञेवर सांगा. वकील पिंजऱ्याभोवती प्रदक्षिणा घालत नाहीत. पण सगळ्यात मोठं खोटं म्हणजे वेग. प्रत्यक्षात साक्षीदार बोलतो, न्यायाधीशसाहेब ऐकतात, मग ते आपल्या शब्दांत सांगतात आणि मी उतरवतो. तोवर वकील थांबलेला, साक्षीदार थांबलेला, बाहेर पट्टेवाला पुढच्या केसचा पुकारा करतोय. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २७६ मध्ये साक्ष शक्यतो निवेदनाच्या रूपात घ्यायची असं होतं, कोर्टाला वाटलं तरच प्रश्नोत्तर. त्यामुळे वकिलाने उलटतपासणीत अर्धा तास घाम गाळला तरी कागदावर येतं ते एवढंच: "हे म्हणणे खरे नाही की, घटनेच्या वेळी मी घरी होतो. हे म्हणणे खरे नाही की, मी पोलिसांच्या सांगण्यावरून खोटी साक्ष देत आहे."

साक्षीदार उत्तर देण्याआधी किती वेळ गप्प होता, हे कागदावर येत नाही. साक्षीदाराच्या वागण्यावर शेरा मारायची सोय कलम २८० मध्ये होती, पण तसा शेरा मी फार क्वचित टाइप केला. आणि अपिलात वरचं कोर्ट वाचतं तो हाच कागद.

एक साक्षीदार सांगतो. दूध घालणारा माणूस, पहाटेची वेळ, भारनियमनाचे दिवस. आरोपीला गल्लीतून पळताना पाहिलं, चेहरा ओळखला, असं सरतपासणीत, म्हणजे सरकारी वकिलाच्या प्रश्नांना उत्तर देताना, ठामपणे म्हणाला. बचावाचे वकील वयस्कर होते, आवाज कधी चढवायचे नाहीत. त्यांनी विचारलं, दूध मापताय ते दिसतं कसं? बॅटरीच्या उजेडात. एका हातात माप, दुसऱ्या हातात किटली, मग बॅटरी कुठे? तोंडात, साहेब. वकील खाली बसले. मी उतरवलं: "हे म्हणणे खरे आहे की, त्या वेळी बॅटरी माझ्या तोंडात होती." पण तो माणूस पिंजऱ्यात उभा राहून स्वतःचे हात बघत होता. बॅटरी तोंडात, उजेड किटलीत, मान खाली, मग चेहरा कुणाचा पाहिला? तो खोटं बोलत नव्हता. त्या पोराला तो लहानपणापासून ओळखायचा, पळण्याची ढब ओळखीची वाटली, बाकीचा चेहरा त्याने मनाने भरला. हे त्याला तिथे, सगळ्यांसमोर कळलं. निकाल काय लागला ते इथे सांगत नाही.

जुने चांगले कोर्टपट हेच दाखवतात. आरोपीने खून केला का, यात त्यांना फारसा रस नसतो. एखादा प्रामाणिक माणूस खात्रीने बोलतोय आणि ती खात्री डोळ्यांदेखत उसवते, हे दाखवण्यात असतो. '१२ अँग्री मेन'मध्ये पोराने बापाला मारलं की नाही, हे लेखक रेजिनाल्ड रोझ शेवटपर्यंत सांगत नाही. कळतं ते एवढंच की खालच्या मजल्यावरचा म्हातारा म्हणाला, आवाज ऐकून पंधरा सेकंदांत दाराशी पोचलो, आणि त्याला अर्धांगाचा झटका येऊन गेलेला, पाय ओढत चालतो. फोंडा तसाच पाय ओढत खोलीत चालून दाखवतो आणि घड्याळात चाळीसच्या वर सेकंद जातात. समोरच्या इमारतीतल्या बाईने धावत्या गाडीच्या डब्यांतून खून पाहिला, आणि तिच्या नाकाच्या दोन्ही बाजूंना चष्म्याचे वण होते. ते वण सरकारी वकिलाला दिसले नाहीत, बचावाच्या वकिलाला दिसले नाहीत, दिसले एका म्हाताऱ्या ज्यूररला. ही बाई किंवा तो म्हातारा फितूर नाहीत. फितूर साक्षीदार मी पोत्याने पाहिले, तो प्रकार कंटाळवाणा असतो, "पोलिसांनी कोऱ्या कागदावर सही घेतली" एवढं एक वाक्य पाठ केलेलं असतं.

याच सिनेमातला माझा आवडता क्षण मात्र वेगळा आहे. चार नंबरचा ज्यूरर, चष्मेवाला शेअर दलाल. बाकीचे घामाने निथळतात, हा कोट काढत नाही. पोराला त्या रात्री पाहिलेला सिनेमा आठवला नाही, म्हणून पोरगा खोटारडा, हा त्याचा मुद्दा. फोंडा त्यालाच विचारायला लागतो, काल रात्री काय केलंत, परवा काय केलंत, त्याच्या आदल्या दिवशी? सिनेमाला गेलो होतो. कुठल्या? तो अडखळतो, आणि पहिल्यांदाच कपाळावरचा घाम पुसतो. उलटतपासणी शिकायची तर ही शिका. एकही आरोप नाही, आवाज चढलेला नाही.

दिग्दर्शक सिडनी लुमेटचा हा पहिलाच सिनेमा. छायाचित्रकार बोरिस कॉफमन. पहिला भाग नजरेच्या वरून चित्रित केलेला, मधला नजरेच्या पातळीवर, शेवटचा खालून, म्हणजे छत दिसायला लागतं. भिंगंही हळूहळू जास्त लांबीची वापरत गेले, त्यामुळे भिंती अंगावर आल्यासारख्या वाटतात. प्रेक्षकाला यातलं काही कळत नाही, त्याला फक्त कोंडल्यासारखं होतं. शेवटच्या भागात कॅमेरा जिथे आहे ती साधारण माझ्या खुर्चीची उंची. मी आयुष्यभर माणसं तशी खालून पाहिली आणि खालून पाहिलं की हनुवटीची थरथर आधी दिसते.

तुमचा वॉचमन "आयला" का म्हणाला ते यातच आलं. त्याला शब्द कळले नसतील, पण "असा चाकू दुसरा नाही" म्हणणाऱ्यांची तोंडं बघून कळलं असेल.

वकील_माधवी

अप्पा, नमस्कार. तुमच्यासारखे लघुलेखक मिळाले की आमची निम्मी लढाई सोपी होते. कलमांचं एवढंच सांगते की १ जुलै २०२४ पासून संहिता बदलली, कलमांचे आकडे बदलले, पण "हे म्हणणे खरे नाही की" तसंच आहे.

मी सत्र न्यायालयात फौजदारी बघते आणि माझं मत 'अ‍ॅनाटमी ऑफ अ मर्डर'ला (१९५९). ऑटो प्रेमिंजरचा, १६० मिनिटांचा. सोसायटीत लावायला लांब आहे, पण खरं वकिली काम यात आहे. ज्या कादंबरीवर तो बेतलाय तिचे लेखक जॉन व्होल्कर, टोपणनाव रॉबर्ट ट्रॅव्हर, मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश होते आणि कादंबरीमागचा १९५२ चा खटला त्यांनी स्वतः बचावाच्या बाजूने लढवला होता. चित्रीकरणही त्याच भागात जाऊन केलं. न्यायाधीशाच्या भूमिकेत नट नाही, खराखुरा वकील आहे, जोसेफ वेल्च, ज्यांनी १९५४ च्या टीव्हीवरच्या सुनावणीत, कम्युनिस्ट शोधण्याच्या मोहिमेसाठी कुप्रसिद्ध असलेल्या सिनेटर मॅकार्थीला जाहीरपणे गप्प केलं होतं. त्या माणसाला खुर्चीत बसायचं कसं हे शिकवावं लागलं नसणार.

त्यात वकील झालेला जेम्स स्टुअर्ट तुरुंगात अशिलाला भेटतो तो प्रसंग माझ्या ज्युनिअर मुलींना मी मुद्दाम दाखवते. खुनाच्या आरोपातून सुटायचे मार्ग तो मोजून सांगतो, एकेक खोडतो, आणि मग अशिलाला विचार करायला सोडून देतो. खोटं बोल असं एका शब्दाने म्हणत नाही. अशील आपणहून हव्या त्या उत्तरापाशी येतो. बघताना हसू येतं आणि पोटात ढवळतंही, कारण ही सीमारेषा आम्ही सगळेच रोज चालतो. शेवटी अशील फी बुडवून पळतो. आमच्या बार रूममध्ये हा सिनेमा लावला तर सगळ्यात मोठा हशा तिथे येईल, पैज लावते.

पण अप्पा, तुमच्या म्हणण्यात एक अडचण आहे. 'टू किल अ मॉकिंगबर्ड' (१९६२) घ्या. तिथे गोऱ्या मुलीवर बलात्काराचा आरोप असलेला काळा टॉम रॉबिन्सन निर्दोष आहे याबद्दल प्रेक्षकाला तिळमात्र शंका नाही. संशय उरतच नाही. तरी तो सिनेमा टिकलाच ना?

लघुलेखक_अप्पा

माधवीताई, बरोबर ठिकाणी बोट ठेवलंत. तिथेही बचावाचा वकील झालेला ग्रेगरी पेक साक्षीदार उसवतोच. मुलीचा बाप बॉब युएल, त्याला नाव लिहायला लावतो, तो डाव्या हाताने लिहितो. मुलीला मार बसलाय चेहऱ्याच्या उजव्या बाजूला, आणि टॉमचा डावा हात निकामी. याहून स्वच्छ उलटतपासणी मी पाहिली नाही. आणि ज्यूरी तरीही दोषी म्हणते. म्हणजे कोर्टात सगळं सिद्ध होऊनही कातडीच्या रंगापुढे काही चालत नाही. १९३० च्या दशकातलं अलाबामा आहे ते. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा रागाने झोप लागली नाही, आणि त्यातला निम्मा राग आमच्या आवारात पाहिलेल्या गोष्टींचा होता. माझं म्हणणं या सिनेमाला पुरत नाही, कबूल. हा वेगळ्या रांगेतला.

उलट 'विटनेस फॉर द प्रॉसिक्युशन' (१९५७, बिली वाइल्डर) बघा. शेवटी कलाटणी अशी की पडद्यावर विनंती येते, बाहेर जाऊन शेवट सांगू नका. कलाटणीवरचा सिनेमा एकदा बघितला की संपायला हवा. हा संपत नाही. चार्ल्स लॉटनचा आजारी बॅरिस्टर, एकाक्षी भिंगाने समोरच्याच्या डोळ्यांत उजेड पाडणारा, त्याची नर्स झालेली एल्सा लँचेस्टर (प्रत्यक्षात त्याची बायको), आणि म्हाताऱ्या मोलकरणीच्या ऐकू येण्यावरून घेतलेली उलटतपासणी, यासाठी मी परत परत बसतो.

गोदाकाठ

मध्येच बारीक शंका. '१२ अँग्री मेन'चा हिंदी अवतार 'एक रुका हुआ फैसला' बासू चॅटर्जींनी १९८६ मध्ये केला. तेव्हा भारतात ज्यूरी होती कुठे? नानावटी खटल्यानंतर बंद झाली ना? तो शेवटचाच ज्यूरी खटला होता असं सगळीकडे वाचलंय.

वकील_माधवी

सगळीकडे लिहिलेलं असतं, पण ते तसं नाही. नानावटी प्रकरण, म्हणजे नौदल अधिकाऱ्याने बायकोच्या प्रियकराला गोळ्या घातल्या ते, २७ एप्रिल १९५९ चं. मुंबईच्या सत्र न्यायालयात ज्यूरीने ८ विरुद्ध १ मतांनी निर्दोष म्हटलं, न्यायाधीशांना ते पटलं नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं, तिथे जन्मठेप झाली, १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली आणि १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी माफी दिली. पण ज्यूरी रद्द करा अशी शिफारस विधी आयोगाने १९५८ मध्येच, म्हणजे खुनाच्या आधीच केली होती, आणि नानावटीनंतरही काही ठिकाणी ज्यूरीपुढे खटले चाललेच. कायमचा पडदा पडला तो १९७३ च्या संहितेने. पारशी विवाहांच्या खटल्यांत मात्र समाजातून नेमलेले प्रतिनिधी न्यायाधीशांसोबत अजून बसतात.

म्हणजे १९८६ ला ज्यूरी नव्हतीच. आणि कोणाला खटकलंही नाही, कारण पंकज कपूर ओरडायला लागला की कायदा आठवत नाही. मला त्यात अन्नू कपूर जास्त आवडतो. तिशीतला पोरगा, पण म्हातारा असा वठवलाय की पाठ दुखते आपली.

रंगपीठ_दादर

इतकी चर्चा झाली आणि 'शांतता! कोर्ट चालू आहे'चं नाव नाही? तेंडुलकरांचं नाटक १९६७ ला रंगभूमीवर आलं, सत्यदेव दुबेंनी १९७१ मध्ये सिनेमा केला, त्यातली आरोपी बेणारे दोन्हीकडे सुलभा देशपांडे. खरं कोर्ट नाहीच. खेडेगावातला हॉल, वेळ घालवायला मांडलेला लुटुपुटीचा खटला, कान कोरत बसलेले काशीकर न्यायाधीश. पण कोर्टाची भाषा तोंडात आली आणि प्रत्येकजण खराच फिर्यादी झाला. आणि २०१४ चा चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट'? व्हेनिसला पुरस्कार, सर्वोत्तम चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक. हे दोन्ही अप्पांच्या कसोटीत बसतात का ते मला ऐकायचंय.

लघुलेखक_अप्पा

'कोर्ट' मी थिएटरात पाहिला आणि मला एकट्यालाच हसू येत होतं. न्यायाधीश साक्ष सांगतायत, कोणीतरी टाइप करतोय, वकील कंटाळलेत, पंखा फिरतोय. माझं अख्खं आयुष्य पडद्यावर. वीरा साथीदारांचा लोकशाहीर त्या आरोपाखाली आहे की त्याच्या गाण्यामुळे एका गटार कामगाराने आत्महत्या केली. तिथे ना फोंडा आहे ना लॉटन. गीतांजली कुलकर्णींची सरकारी वकील दुष्ट नाही, तिला लोकल पकडायची आहे, मुलाला आणायचं आहे, रात्रीचा स्वयंपाक आहे. बाही नसलेले कपडे घातले म्हणून एका बाईची केस साहेब घेत नाहीत, पुढची तारीख. या सिनेमाने मला जुन्या सिनेमांबद्दल एक गोष्ट सांगितली: तिथे कायम एकच केस चालू असते. बारा माणसं एका पोरासाठी दुपारभर बसून राहतात. आमच्या बोर्डावर, म्हणजे दिवसाच्या यादीत, सकाळी कितीतरी केसेस लागायच्या आणि बहुतेक नुसत्या तारखा घेऊन जायच्या. मांजरबाई वर म्हणाल्या, बोलणाऱ्याला कोणी तोडत नाही. माझ्या एवढ्या लांबण लावण्यापेक्षा ते नेमकं आहे.

बेणारेबद्दल. पुरावा संपला की कोर्ट आरोपीला विचारतं, साक्षीदार असं म्हणाला, तुम्हाला काय सांगायचंय? कलम ३१३ चा जबाब म्हणायचो आम्ही त्याला. छापील कागद, प्रश्न ठरलेले. उत्तरं बहुतेक "मला माहीत नाही", "खोटे आहे", आणि शेवटी "मला काही सांगायचे नाही". वकिलांनी तसं पढवलेलं असतं आणि ते शहाणपणाचंही असतं. पण टाइप करताना वाटायचं, याला खरंच विचारलं तर हा काय बोलेल? नाटकात काशीकर बेणारेला दहा सेकंद देतो. आणि ती बोलते ते मोठं स्वगत, त्या वेळी रंगमंचावरची बाकीची मंडळी गोठलेली असतात. तिचं बोलणं आपण प्रेक्षक ऐकतो, कोर्ट ऐकत नाही. '१२ अँग्री मेन'मध्ये त्या पोराचा चेहरा सुरुवातीला एकदा दिसतो, तोंडातून शब्द नाही. तेंडुलकरांनी त्या न बोललेल्या माणसाला बोलायला लावलं. सुलभाताईंना मी रंगमंचावर पाहिलंय, त्याबद्दल इथे लिहीत बसलो तर ओंकाररावांचा प्रश्न राहून जाईल.

तर नावं. पहिल्या महिन्यात 'कानून' (१९६०, बी. आर. चोप्रा). गाणी नाहीत, हे सोसायटीला आधी सांगू नका. सुरुवातीलाच जीवन आरोपीच्या पिंजऱ्यात उभा आहे, ज्या माणसाच्या खुनाबद्दल एकदा शिक्षा भोगली त्याच माणसाच्या खुनासाठी पुन्हा. पुढे नाना पळशीकरांचा गरीब चोर येतो. फिल्मफेअर मिळालं त्यांना या कामाचं, आणि अशोक कुमारसमोर उभे राहून मिळालं. शेवटचा खुलासा मला पटत नाही, पण तोवर पैसे वसूल.

दुसऱ्या महिन्यात 'विटनेस'. शेवट माहीत असलेल्यांना मागच्या रांगेत बसवा.

तिसऱ्या महिन्यात 'कोर्ट'. आधी कल्पना द्या की इथे निकाल ऐकायची घाई करायची नाही. आणि चहा मध्ये देऊ नका, आधी देऊन टाका. कपबशांच्या आवाजात साहेबांचं डिक्टेशन ऐकू येणार नाही, आणि त्यात फार गमती आहेत.

ओंकार_चिंचवड

तिन्ही ठरले. माधवीताई, 'अ‍ॅनाटमी' रविवारी दुपारी दोन भागांत लावला तर चालेल का? वॉचमनने काल विचारलं, "तो बारा जणांचा हिंदीत आहे म्हणे?" त्याला 'एक रुका हुआ फैसला' पेन ड्राइव्हवर देतोय.

वकील_माधवी

दोन भाग करा, पण मध्यंतर तुरुंगातल्या भेटीनंतर लगेच घेऊ नका. लोक बाहेर जाऊन त्यावरच भांडत बसतील, परत येणार नाहीत.